ओढीची जनावरे आणि त्यांच्या शर्यती

मानवी संस्कृतीचा इतिहास लिहिताना राजे, सेनापती आणि ग्रंथकार यांची नावे विस्ताराने नोंदली जातात. परंतु ज्यांच्या मानेवर व पाठीवर ती संस्कृती गावोगाव पोहोचली, त्या मुक्या जनावरांना त्या इतिहासात क्वचितच जागा मिळते. प्रत्येक देशाने आपल्या हवेस आणि वाटांस मानवेल असे जनावर ओझ्यासाठी निवडले. वाळवंटाने उंट निवडला, तिबेटच्या पठाराने याक निवडला, महाराष्ट्राने बैल निवडला आणि उत्तर ध्रुवानजीकच्या हिममय प्रदेशाने कुत्रा निवडला. यांपैकी बैल आणि कुत्रा या दोघांची कहाणी एकमेकींशी ताडून पाहण्यासारखी आहे. दोघांचेही काम यंत्राने हिरावून घेतले. दोघांच्याही वाट्याला कामाच्या जागी शर्यत आली. आणि दोन्ही शर्यतींविषयी एकच प्रश्न विचारला जातो: ही त्या जनावराची जोपासना आहे, की त्याचा छळ?

प्रथम घरची गोष्ट. वसई तालुक्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन काळचे शूर्पारक बंदर होय. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरून काढला आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी उजेडात आणला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक प्रवासग्रंथात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावे आहेत. त्याच ग्रंथात असेही नमूद आहे की, पैठण व तेर येथील माल गाड्यांतून, जेथे धड रस्ता नाही अशा विस्तीर्ण मुलखातून, भडोचच्या बंदरास येई. गाड्या म्हटल्या की बैल आले. कोकणच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारी वाट नाणेघाटाने वर चढे. तेथे चाकाचा उपयोग नव्हता. तेथे पाठाळ बैलच पाहिजे. पाठीवर दोहों बाजूंस गोणी टाकलेले बैल एकामागून एक घाट चढत. पुढील काळात लमाणांचे तांडे हेच काम करू लागले. किनाऱ्यावरील मिठागरांचे मीठ घाटावर न्यावे आणि घाटावरचे धान्य खाली आणावे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. मोगल, मराठे आणि इंग्रज या तिघांच्याही फौजा या तांड्यांनी पोहोचविलेल्या दाण्यावर जगल्या. इ. स. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत वेल्स्लीच्या तोफा व सामान जलद हलले, त्याचे पुष्कळसे श्रेय म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांचे होते.

हा व्यवहार मोडला तो आगगाडीने. इ. स. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ वर गेले आणि १८६५ मध्ये थळघाटातून गेले. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारी लोहमार्गाची वाट मुंबईस मिळाली. वसई आणि विरार ही गावे तिच्यावरच होती. तांडे हळूहळू नाहीसे झाले. बैलाकडे आता लांबचा प्रवास राहिला नाही. शेत ते घर, आणि बागाईत ते स्टेशन, एवढीच त्याची मजल उरली. वसईची केळी आणि विड्याची पाने स्टेशनावर आणण्यासाठी गाडीच लागे. पुढे मोटारलॉरी आली आणि हीदेखील मजल संपली. शेतात ट्रॅक्टर आला तेव्हा नांगरही सुटला. इ. स. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक माणसे राहतात, असे २०११ च्या खानेसुमारीत आढळले. त्यांपैकी किती मुलांनी जू, शिवळ आणि जोते हे शब्द ऐकले असतील, आणि किती जणांनी त्या वस्तू हाताळल्या असतील?

आता याच प्रकारचा पालट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास कसा घडला, ते पाहू. अमेरिका खंडाच्या वायव्य टोकास अलास्का नावाचा प्रांत आहे. तेथे वर्षातील सहा-सात महिने नद्या आणि समुद्राचा किनारा गोठलेला असतो. घोडा अशा बर्फात रुततो आणि त्याचे गवत बरोबर न्यावे लागते. कुत्रा मात्र हलका. तो मासळी खातो, बर्फातच अंग गोळा करून झोपतो आणि दिवसाचे दिवस एका संथ गतीने धावत राहतो. म्हणून तेथील मूळ रहिवाशांनी फार प्राचीन काळापासून त्यास घसरगाडीस जुंपले. या गाडीस चाके नसतात. लाकडी धावांवर ती बर्फावरून सरकते. दहा-बारा कुत्रे जोडीजोडीने एका लांब दोरास बांधलेले असतात आणि सर्वांच्या पुढे एक म्होरक्या असतो. गाडीवानाच्या हातात लगाम नसतो आणि वेसणही नसते. तो मागे उभा राहून केवळ शब्दाने कुत्र्यांस वळवितो. ‘जी’ म्हटले की उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हटले की डावीकडे. गंमत अशी की, हे दोन्ही शब्द मुळात कुत्र्यांचे नव्हेत. इंग्रजी मुलखातील शेतकरी नांगराच्या बैलाघोड्यांना जे शब्द ओरडत, तेच सोन्याच्या शोधात गेलेल्या लोकांबरोबर बर्फात पोहोचले. म्हणजे या कुत्र्यांच्या कानांवर पडणारी आज्ञा एका परीने नांगरटीची आज्ञा आहे.

नोम हे तेथील समुद्रकाठचे गाव इ. स. १८९८ मध्ये सोने सापडल्यामुळे वसले. हिवाळ्यात जहाज येत नसे. डाक कुत्र्यांवरच येई. अशा गावातील लोकांस आपापल्या कुत्र्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. त्यातून १९०८ मध्ये नोम ते कँडल आणि परत अशी ४०८ मैलांची शर्यत सुरू झाली. १९१० मध्ये जॉन जॉन्सन याने सैबेरियाहून आणलेल्या कुत्र्यांच्या बळावर हे अंतर ७४ तास १४ मिनिटांत तोडले. पुढे १९१५ ते १९१७ अशी सलग तीन वर्षे लिओनार्ड सेपाला हा मूळचा नॉर्वेचा गृहस्थ विजयी झाला. या शर्यतीचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. निघताना जेवढे कुत्रे नोंदले, तेवढे सर्व परत आणणे गाडीवानास भाग होते. एखादा लंगडला किंवा दमला, तर त्यास वाटेत टाकून पुढे धावण्याची सोय नव्हती. त्यास गाडीवर घेऊन उरलेल्यांनी ओढावयाचे. हा नियम शर्यतीसाठी नव्याने रचलेला नव्हता. दूरच्या वाटेवरील कामात जी रीत पाळावी लागे, तीच शर्यतीत आली.

या कुत्र्यांची खरी परीक्षा १९२५ च्या जानेवारीत झाली. नोम येथे घटसर्पाची साथ उद्भवली. गावात कर्टिस वेल्श हे एकटेच डॉक्टर होते. त्यांच्यापाशी असलेले औषध जुने होऊन निकामी झाले होते. मुले दगावू लागली. डॉक्टरांनी तारेने मदत मागितली. औषधाची सुमारे तीन लक्ष एकके अँकरेज येथे सापडली व ती रेल्वेने नेनाना गावापर्यंत आणली गेली. तेथून नोम ६७४ मैल. विमान पाठवावे अशी एक सूचना होती. परंतु त्या काळची उघडी विमाने एवढ्या थंडीत भरवशाची नव्हती. अखेर वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्रे यांची साखळी योजण्यात आली. २७ जानेवारीच्या रात्री पहिली गाडी सुटली. उष्णमान शून्याखाली चाळीस अंश आणि त्याहूनही खाली उतरले होते. सेपाला याने आपला बारा वर्षांचा म्होरक्या कुत्रा टोगो यास पुढे घालून, गोठलेल्या समुद्राची आडवाट पत्करून, ९१ मैल औषध नेले; ही या साखळीतील सर्वांत दीर्घ मजल होती. शेवटची मजल गुन्नार कासेन याने बाल्टो नामक कुत्र्याच्या आधारे पुरी केली आणि २ फेब्रुवारीच्या पहाटे औषध नोम येथे पोहोचले. एरवी डाकेस ज्या वाटेला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागे, ती वाट साडेपाच दिवसांत संपली. बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या उद्यानात उभा राहिला. टोगोचे नाव मागे पडले. आणि ज्या अनेक मूळ रहिवासी गाडीवानांनी मधल्या मजला मारल्या, त्यांची नावे तर बहुतेकांस ठाऊकच झाली नाहीत. कीर्तीचे वाटप श्रमाच्या प्रमाणात होत नाही, हा अनुभव बर्फाच्या देशातही निराळा नाही.

या पराक्रमानंतर थोड्याच वर्षांत विमान पक्के झाले आणि डाक आकाशमार्गे जाऊ लागली. अलास्कातील कुत्र्यांची शेवटची सरकारी डाक १९६३ मध्ये एका दूरच्या बेटावर बंद पडली. त्याच दशकात तेलावर चालणारी बर्फगाडी खेड्यांत शिरली. तिला रोज मासळी घालावी लागत नसे. एक-दोन हिवाळ्यांतच अंगणांतील कुत्रे दिसेनासे झाले. हे पाहून जो रेडिंग्टन नावाचा एक कुत्रेपाळू गृहस्थ अस्वस्थ झाला. डोरोथी पेज या बाईंच्या साहाय्याने त्याने १९६७ मध्ये एक लहान शर्यत भरविली आणि १९७३ च्या मार्चमध्ये अँकरेज ते नोम ही सुमारे हजार मैलांची ‘इडिटारॉड’ शर्यत प्रथम सोडली. मुंबईहून सडकेने दिल्ली गाठली तरी हे अंतर पुरे होत नाही. पहिल्या वर्षी ३४ गाड्या निघाल्या, २२ पोहोचल्या. विजयी डिक विल्मार्थ यास वीस दिवस लागले. १९८५ मध्ये लिबी रिडल्स ही पहिली स्त्री विजयी झाली. २०१७ मध्ये मिच सीव्ही याने आठ दिवस आणि काही तासांतच नोम गाठले. रेडिंग्टनचा हेतू सफल झाला. कुत्रे पुन्हा पाळले जाऊ लागले.

परंतु या यशाची दुसरी बाजूही आहे. पहिल्याच शर्यतीत पंधराच्या आसपास कुत्रे मेले. त्यावरून गदारोळ झाला व नियम कडक झाले. वाटेत सलग चोवीस तासांची एक विश्रांती आणि आठ तासांच्या दोन विश्रांती सक्तीच्या करण्यात आल्या. ठाण्याठाण्यावर पशुवैद्य कुत्रे तपासू लागले. दमलेले कुत्रे तेथेच उतरवून विमानाने परत पाठविण्याची सोय झाली. मृत्यू कमी झाले, पण ते संपले नाहीत. २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्रे दगावले. दयाळू लोक म्हणतात की, केवळ करमणुकीसाठी एकही जीव का जावा? कुत्रेपाळू म्हणतात की, धावणे हाच या जातीचा स्वभाव आहे. शर्यत बंद करा, म्हणजे जात बंद होईल. उभय पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

हाच वाद महाराष्ट्रात बैलांवरून अधिक तीव्रतेने झाला. येथील शर्यतींस निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी नावे व रूपे आहेत. पुणे जिल्ह्याच्या खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांत ग्रामदैवतांच्या यात्रेत बैलगाडा पळविला जातो. चढावर आखलेल्या त्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात आणि एकेका धावेस ‘बारी’. पुढे घोडीस्वार, मागे बैल, आणि भंडाऱ्याने पिवळे झालेले आकाश. सारा खेळ काही सेकंदांत आटोपतो. सातारा-सांगलीकडे सपाट रानात हलके छकडे जोडून पळवितात आणि बैलांचे वर्ग त्यांच्या दातांवरून पाडतात; दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दात आलेला तो दुस्सा. विदर्भात यासच शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. अलिबाग-मुरूडच्या बाजूस ओहोटीने उघड्या पडलेल्या पुळणीवर गाड्या धावतात. धावणारा बैल बहुधा खिल्लार जातीचा असतो. पांढरा, सडपातळ, लांब शिंगांचा आणि तापट स्वभावाचा हा बैल माणदेश आणि त्याच्या आसपासच्या दुष्काळी मुलखात निपजला. थोड्या चाऱ्यावर लांब चालावे आणि कडक जमीन नांगरावी, यासाठी त्यास पिढ्यान्पिढ्या निवडले गेले.

ट्रॅक्टर आल्यावर या बैलाचे काय झाले, हे आकडे सांगतात. पशुगणनेप्रमाणे संपूर्ण भारतात गोवंशातील नर २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ते सुमारे ४ कोटी ७४ लाख उरले. त्याच सात वर्षांत गाईंची संख्या मात्र वाढली. दूध हवे आहे, ओढ नको आहे, असा याचा सरळ अर्थ. अशा काळात शर्यतीच्या बैलास लाखो रुपये किंमत येते आणि त्यासाठी खिल्लार गाईची पैदास जपली जाते, हे शर्यतवाल्यांचे म्हणणे खोटे नाही. मात्र काही मैदानांवर विजयी बैलजोडीस बक्षीस म्हणून ट्रॅक्टर दिला जातो. ज्या यंत्राने बैलाचे जू उतरविले, तेच त्याच्या धन्यास शर्यतीचे फळ म्हणून मिळावे, यापेक्षा या काळाचे नेमके चित्र दुसरे नाही.

याची विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. शेपटी पिरगाळणे, ती दातांनी चावणे, खिळे लावलेल्या काठीने टोचणे, विजेचा धक्का देणे, मद्य पाजणे, अशा प्रकारांचे पुरावे न्यायालयापुढे आले. प्रेक्षकांत गाडा घुसून माणसे जखमी झाली आणि दगावलीही. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्राच्या बैलगाडा शर्यती बेकायदा ठरविल्या. बैलाच्या शरीराची घडण घोड्यासारखी धावण्यासाठी नाही आणि वेदनेवाचून तो असा धावत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. काठी, चाबूक व विजेचा वापर निषिद्ध झाला. धावेचे अंतर हजार मीटरांच्या आत बांधले गेले. आणि नियम मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींस परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा, तसेच तमिळनाडू व कर्नाटकाचा कायदा वैध ठरविला. ज्या खेडुतांनी सात-आठ यात्रा घाट रिकामा पाहिला होता, त्यांनी गुलाल उधळला. प्राणिमित्रांच्या मनातील शंका मात्र कायद्याने मिटणाऱ्या नव्हत्या.

निवाडा झाला म्हणून विचार संपत नाही. उत्तरेकडील कुत्रा आणि दख्खनचा बैल यांची तुलना येथे उपयोगी पडते. हजार मैलांच्या वाटेवर माणसास कुत्र्याचे ऐकावेच लागते. पातळ बर्फाची चाहूल लागताच म्होरक्या आज्ञा मोडून थांबतो आणि शहाणा गाडीवान त्याचे थांबणे मानतो. न मानल्यास दोघेही बुडतील. लांबच्या वाटेत कुत्रा मारून धावविता येत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच्याच पायांवर पोहोचावयाचे असते. बैलाच्या जुन्या कामातही हीच मर्यादा आपोआप पाळली जाई. घाट चढविणारा लमाण बैल दमला की गोणी उतरवी. नांगरणारा कुणबी ऊन चढले की जोते सोडी. त्यात दया होती, तसा व्यवहारही होता. बैल मेला तर वर्ष बुडणार, हे दोघांसही ठाऊक होते. त्याच जाणिवेतून पोळा आणि बेंदूर हे सण आले. त्या दिवशी खांदे शेकून मानेस लोणी लावावयाचे, शिंगे रंगवावयाची आणि जू मुळीच ठेवावयाचे नाही.

काही सेकंदांच्या धावेत ही मर्यादा उरत नाही. बैलाच्या दमण्याला तेथे किंमत नाही. उद्याचे पीक त्याच्यावर अवलंबून नाही. पैज मात्र त्याच क्षणावर लागलेली असते. धोका आहे तो येथे. जे बंधन पूर्वी कामाने घातले होते, ते आता मुद्दाम घालावे लागेल. नोमच्या जुन्या शर्यतकारांनी ‘जेवढे नेले तेवढे परत आणा’ असा नियम केला, तेव्हा त्यांनी वाटेवरील कामाची नीती खेळात आणली. महाराष्ट्रातील नियमांचाही उद्देश हाच आहे. परंतु नियम कागदावर आणि आर धोतराच्या सोग्यात, असे जेथे होईल, तेथे परंपरेचा उच्चार करण्याचा अधिकार कोणासही राहणार नाही. उलट, जेथे बैलाच्या अंगावर वळ उमटत नाही आणि म्हातारा झालेला विजयी बैलही दावणीस वैरण खातो, तेथे शर्यतीने एक वंश राखला, असे म्हणता येईल.

हा प्रश्न केवळ शर्यतवाल्यांचा आहे, असे शहरातील सुशिक्षित घरांनी समजू नये. बैल गेला तो शहरांच्या सोयीसाठीच. लॉरी आणि आगगाडी त्यांनीच मागितली आणि तिचे फायदे त्यांनीच अधिक भोगले. म्हणून खेड्यातील खेळास दुरून रानटी म्हणणे जितके सोपे, तितकेच त्याचे चित्र पाहून टाळ्या पिटणेही सोपे आहे. दोहोंपेक्षा अवघड काम म्हणजे त्या जनावरास ओळखणे. नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरील जकात त्यात टाकली जाई, असे सांगतात. तो माल ज्यांनी वर चढविला, त्यांची जकात अद्याप कोणीच भरलेली नाही. ती भरावयाची तर त्यांच्या वंशजांस निदान वेदनेवाचून जगू देणे, एवढे तरी या पिढीच्या हाती आहे.